हिमालयातून परतलेल्या कॅम्परमध्ये दर वर्षी होणारी पाणीगळती : कारण कुठे शोधावे, उपाय कोणता करावा

ठाणे आणि नवी मुंबईतील कॅम्परधारकांमध्ये, म्हणजे आत राहण्याची आणि पाण्याची सोय केलेल्या गाड्यांच्या मालकांमध्ये, जानेवारी ते मार्च या काळात एक तक्रार हमखास निघते. गाडी ऐन हिवाळ्यात स्पिती, लाहौल किंवा लडाखकडे जाऊन आलेली असते, परतल्यावर घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या सोसायटीत काही आठवडे उभी राहते, आणि पुढच्या सहलीसाठी टाकी भरून पंप सुरू केला की सगळे नळ बंद असूनही पंप थांबत नाही. थांबलाच तर दर काही मिनिटांनी कोणी हात न लावता पुन्हा घरघरू लागतो. सिंकखालच्या कपाटात ओल येते, प्लायवूडच्या कडा फुगतात. प्लंबर येतो, एखादा जोड बदलतो, क्वचित पंपच नवा बसवला जातो. पुढच्या वर्षी त्याच सुमारास तीच तक्रार, बहुधा त्याच कपाटातून, पुन्हा सुरू होते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात पाणी गोठण्याइतकी थंडी कधीच पडत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठते, तेवढीच आपली बर्फाशी ओळख. त्यामुळे पाणी गोठून पाइप फुटला असेल ही शंका आपल्याकडच्या प्लंबरच्या मनात येत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला गळका जोड दिसतो. सॉल्व्हंट सिमेंट कमी पडले असेल किंवा खराब रस्त्याने जोड हलला असेल, असे म्हणून तो नवा जोड बसवतो. मालकालाही ते पटते, कारण ‘टाकी तर आम्ही वर चढण्याआधीच सोडून दिली होती’ हे त्याचे म्हणणे खरे असते. मात्र टाकी रिकामी करणे आणि पाण्याची सगळी यंत्रणा रिकामी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंडीत फुटतात त्या बहुतेक वेळा टाकीबाहेरच्या वस्तू, आणि त्या स्पितीतल्या काझाला फुटल्या तरी गळू लागतात ठाण्यात, कारण तिथे त्यांच्यात बर्फ असतो आणि इथे आल्यावर दाबाखालचे पाणी येते. हे लक्षात घेतले नाही तर पंप दर वर्षी बदलला तरी गळती थांबणार नाही.

आधी निदान : धक्क्याने की गोठण्याने?

रस्त्याच्या हादऱ्यांनी होणारी गळती आणि गोठण्याने होणारी गळती यांच्या खुणा वेगळ्या असतात, आणि जुना सुटा भाग फेकून देण्यापूर्वी तो उजेडात नीट पाहिला तर निम्मे निदान तिथेच होते. हादऱ्याने बहुधा जोड सैल होतो: आटे ढिले पडतात, क्लॅम्प सरकतो, सीपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकच्या पाइपाचा) एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, जिथे चिकटवलेला असतो तिथे केसासारखी गोल चीर पडते. ही गळती प्रवासातच, भर रस्त्यात सुरू होते आणि एकाच ठिकाणी असते. गोठण्याने पडलेली चीर बहुधा पाइपच्या लांबीच्या दिशेने जाते, चिरेजवळचा भाग किंचित फुगलेला असतो, पितळी नळाच्या अंगाला सरळ भेग असते, फिल्टरची पारदर्शक वाटी तळाशी तडकलेली असते किंवा पंपाच्या डोक्याचे प्लास्टिकचे झाकण स्क्रूंच्या मधोमध उकललेले असते. शिवाय अशा वेळी दोन-तीन ठिकाणी एकदमच दोष निघतात. एक जोड दुरुस्त केला आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडून पाणी आले, तर प्लंबरच्या कामाला नावे ठेवण्यापूर्वी गोठण्याचा विचार करावा.

पंप वारंवार सुरू होण्याचे कारण शोधण्याची एक सोपी पद्धत आहे. कॅम्परमधले १२ व्होल्टचे डायफ्रॅम (रबरी पडद्याचे) पंप ओळीतला दाब ठरावीक पातळीला, बहुतेक अडीच ते चार बारच्या (बार हे दाबाचे एकक) दरम्यान, पोहोचला की आपोआप बंद होतात आणि दाब घसरला की पुन्हा चालू होतात. नळ बंद असताना दाब घसरण्याची कारणे दोनच: पाणी पंपाच्या पुढे कुठेतरी बाहेर जात आहे, किंवा पंपाच्या आतली झडप नीट मिटत नसल्याने ते उलट टाकीत परतत आहे. पंपाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडावर एक अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व्ह बसवून तो बंद केला आणि पंप चालवला, तर निवाडा लगेच होतो. व्हॉल्व्ह बंद असताना पंप एकदा थांबून थांबलेलाच राहिला तर पंप चांगला आहे आणि गळती पुढच्या पाइपांत आहे. तरीही तो पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर दोष पंपातच आहे. एवढी चाचणी न करता नवा पंप घेऊ नये. दोष पंपात निघाला तरी अनेक पंपांचे डोके आणि त्यातले झडपांचे रबर सुटे मिळते, मोटार बदलावी लागत नाही. इथे एक अपवाद नोंदवायला हवा. गाडीत बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी भरले जात असेल तर क्षाराचा एखादा कण झडपेत अडकूनही हेच लक्षण दिसते; तो न गोठताही दिसतो आणि डोके उघडून धुतले की जातो.

पंप निर्दोष ठरला की पुढची गळती शोधण्यासाठी सगळ्या जोडांखाली कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून ठेवावा आणि पंप चालू ठेवून अर्धा तास थांबावे. आपल्याकडच्या दमट हवेत थंड पाण्याच्या पाइपावर बाहेरूनही पाणी जमते, त्यामुळे हाताने चाचपून मिळणारा अंदाज फसवा असतो. कागद कोणत्या जोडाखाली खरोखर भिजला, हे पाहणे अधिक खात्रीचे आहे.

टाकी रिकामी असूनही पाणी राहते कुठे?

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. टाकी अर्धी भरलेली असेल तर वर मोकळी जागा असते, बर्फाला वाढायला वाव मिळतो आणि टाकीला सहसा काही होत नाही. पाइपात तसा वाव नसतो. शिवाय पाइप फुटतो तो नेहमी बर्फ जिथे धरला तिथेच, असे नाही. गाडीच्या खालून जाणारा भाग आधी गोठतो, तिथे बर्फाचे बूच तयार होते, आणि ते बूच बंद नळाच्या दिशेने वाढत गेले की मधल्या पाण्याला जायला जागाच उरत नाही. त्या बंदिस्त पाण्यावरचा दाब शेकडो बारपर्यंत चढू शकतो. आपली पाइपयंत्रणा जेमतेम चार बारसाठी बांधलेली असते. मग जे सर्वांत कमकुवत असेल ते फुटते, आणि ते बहुधा केबिनच्या उबेत असलेल्या नळाचे कार्ट्रिज, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा आतला सुटा भाग, असते. ‘केबिन तर रात्रभर गरम होती, मग नळ कसा फुटला?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. नळ उघडा ठेवला तर हा दाब निसटून जातो, म्हणून रिकाम्या केलेल्या यंत्रणेचे नळ नेहमी उघडेच ठेवायचे असतात.

टाकीखालचा निचरा उघडला की टाकी रिकामी होते. पाइप मात्र होत नाहीत, कारण सगळे नळ बंद असतील तर वरून हवा आत शिरत नाही. सरबताच्या नळीचे वरचे तोंड बोटाने दाबून ती पेल्यातून उचलली की सरबत नळीतच लटकून राहते. बंद नळाखालच्या पाइपाचे तसेच होते. नळ उघडले तरी पंपाच्या आतल्या झडपा पाण्याला मागे येऊ देत नाहीत, त्यामुळे पंपाच्या डोक्यात आणि त्याच्या पुढच्या भागात पाणी राहतेच. बाहेरून नळी जोडण्याच्या तोंडाशी असलेला नॉन-रिटर्न (पाणी उलट जाऊ न देणारा) व्हॉल्व्ह, गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, फिल्टरची वाटी, हँड शॉवरची लोंबणारी नळी, मागच्या दारातला बाहेरचा शॉवर, कॅसेट शौचालयाची फ्लशची टाकी, सिंकखालचा पाणी धरणारा बाक, आणि दोन आधारांच्या मध्ये झोल पडलेला पाइप, या सगळ्या पाणी दडून बसण्याच्या जागा आहेत.

यातली सर्वांत दुर्लक्षित जागा बॉल व्हॉल्व्ह ही आहे. व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला की त्याच्या गोळ्याच्या छिद्रात थोडे पाणी कैद होते आणि गोठताना तेवढेच पाणी पितळी अंगाला भेग पाडायला पुरते. म्हणून पाणी सोडून दिल्यावर प्रत्येक बॉल व्हॉल्व्हचा दांडा निम्म्यावर, म्हणजे ४५ अंशांवर आणून ठेवावा. त्या स्थितीत गोळ्यातले पाणी बाहेर पडते.

कोणती वस्तू फुटली यावरून पाणी कुठे राहिले होते हे उलट वाचता येते. पंपाचे डोके फुटले असेल तर टाकी सोडल्यानंतर पंप कोरडा चालवला गेला नाही. एकदांडी मिक्सर नळ फुटला असेल तर तो एका टोकाला वळवलेला राहिला आणि गरम किंवा थंड यांपैकी एक बाजू भरलेलीच होती. गीझरचे तोंड फुटले असेल तर सेफ्टी व्हॉल्व्हचा दांडा उचलला गेला नव्हता. दर वर्षी तीच वस्तू फुटत असेल तर ती वस्तू निकृष्ट असण्यापेक्षा, रिकामे करण्याच्या क्रमातली तीच पायरी दर वर्षी सुटत असण्याची शक्यता अधिक आहे.

रिकामे करण्याचा क्रम आणि त्याची वेळ

ही कामे कधी करायची, याबद्दलच अधिक गोंधळ दिसतो. ठाण्यातून निघताना यंत्रणा रिकामी करण्याची गरज नाही आणि काझाला पोहोचल्यावर ती करून उपयोग नाही. शेवटच्या उबदार मुक्कामाची सकाळ ही तिची योग्य वेळ. हिवाळ्यात मनालीकडून स्पितीत नेणारी कुंझुम खिंड बंद असल्याने स्पितीला किन्नौरमार्गेच जावे लागते. त्या वाटेवर सुमारे १,००० मीटर उंचीवरचे रामपूर ही सोयीची जागा आहे, कारण पुढे रेकाँग पिओलाच रात्री पारा शून्याखाली जातो. अटल बोगद्यातून लाहौलला जायचे असेल तर मनालीची वाट न पाहता कुल्लूच्या आसपासच हे उरकावे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि जानेवारीत तिथल्या रात्री गोठवणाऱ्या असतात. दिवसा हवा शून्याच्या जरा खाली असताना गाडी पळत असेल, तर वाऱ्यामुळे गाडीखालच्या पाइपांतली उष्णता फार वेगाने निघून जाते, त्यामुळे ‘रात्री मुक्कामावर पोहोचून पाणी सोडू’ हा बेत वाटेतच फसतो.

सुरुवात गीझरपासून करावी. त्याची वीज आधी बंद करावी आणि पाणी थंड होऊ द्यावे, कारण पाणी नसलेल्या गीझरची कॉइल चालू राहिली तर ती जळते आणि गरम पाण्याच्या दाबाखाली निचरा उघडला तर हात भाजतो. मग गरम पाण्याचा नळ उघडून दाब घालवावा, सेफ्टी व्हॉल्व्हचा छोटा दांडा उचलावा आणि गीझर रिकामा होऊ द्यावा. काही युरोपीय बॉयलरांना तापमान ३ अंशांच्या आसपास आले की आपोआप उघडणारा निचरा असतो. ज्यांच्या गाडीत तो आहे त्यांनी निर्धास्त होऊ नये, कारण त्याने मुख्यतः बॉयलर वाचतो, पंप आणि फिल्टर वाचत नाहीत.

त्यानंतर टाकीचा निचरा, मग सगळे नळ, गरम आणि थंड दोन्ही बाजूंचे, शॉवरसह उघडणे, आणि मग पंप चालू करून नळांतून पाणी जाऊन नुसती हवा फुरफुरू लागेपर्यंत चालवणे. डायफ्रॅम पंप थोडा वेळ कोरडा चालला तर बिघडत नाही. यानंतर पंपाच्या बाहेरच्या तोंडाची नळी काढून पंप पुन्हा काही सेकंद चालवावा, म्हणजे डोक्यात उरलेले पाणी उडून जाते. ही पायरी जवळजवळ सगळे जण गाळतात. फिल्टरची वाटी उघडून आतले कार्ट्रिज, म्हणजे गाळणीचा भाग, बाहेर काढावे. ओले कार्ट्रिज गोठले की निकामी होते, ते केबिनमध्ये पिशवीत ठेवणे बरे.

एवढे केल्यावरही झोल पडलेल्या पाइपांत पाणी उरते, ते हवेच्या दाबानेच निघते. त्यासाठी वेगळे यंत्र विकत घेण्याची गरज नाही. अर्ध्या इंची आट्यांच्या धातूच्या एंड-प्लगला छिद्र पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा आट्यांचा व्हॉल्व्ह बसवून घेतला की बाहेरच्या पाणीजोडणीच्या तोंडाशी हवा भरता येते. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या कोणत्याही लेथवाल्याकडे हा तुकडा चटकन तयार होतो. हवेचा दाब २ बारच्या, म्हणजे साधारण ३० पीएसआयच्या वर नेऊ नये. पंक्चरवाल्याच्या मोठ्या कॉम्प्रेसरची नळी थेट लावली तर जोड उडतील आणि थंडीने व्हायचे ते नुकसान तिथेच होईल. गाडीतला लहान टायर इन्फ्लेटर चालतो, मात्र त्याची हवा कमी असल्याने सगळे नळ बंद करून दाब साठू द्यावा, मग सर्वांत दूरचा नळ झटकन उघडून पाणी उडवून द्यावे, पुन्हा बंद करून दाब साठवावा, आणि असे एकेका नळाशी, मिक्सरच्या दोन्ही बाजूंशी, फ्लशशी आणि बाहेरच्या शॉवरशी करत यावे. हे काम कंटाळवाणे आहे. घाई झाली तर नेमका शेवटचा नळ राहतो. इथे आत भरलेली हवा पंपाच्या पुढच्या भागातून जाते, पंपातून जात नाही, म्हणून पंप वेगळा कोरडा करण्याची वर सांगितलेली पायरी हवा मारल्यानेही टळत नाही.

हवा की ग्लायकॉल?

गाडी चालू सहलीत असेल आणि परतीच्या वाटेवर पुन्हा पाणी भरायचे असेल तर नुसती हवा पुरेशी आहे, असे माझे मत आहे. गाडी किंवा ट्रेलर दोन सहलींच्या मध्ये महिनोन्महिने मनालीला किंवा लेहला ठेवून विमानाने परतणारे काही जण असतात. त्यांनी मात्र हवेवर न थांबता गोठणरोधक द्रावण भरावे, कारण लेहच्या जानेवारीतल्या रात्री उणे १५ अंशांच्या आसपास जातात आणि एखाद्या झोळात राहिलेले पेलाभर पाणीही पुरेसे घातक ठरते.

इथे एका गोष्टीत हयगय चालणार नाही. मोटारींच्या दुकानात मिळणारे रेडिएटरचे कूलंट बहुधा इथिलीन ग्लायकॉलचे असते आणि ते विषारी आहे. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात ते थेंबभरही घालू नये. त्याची चव गोडसर असल्याने लहान मुलांना आणि प्राण्यांना त्याचा धोका अधिक असतो. परदेशात कॅम्परसाठी गुलाबी रंगाचे तयार द्रावण मिळते, त्याचा मुख्य घटक प्रॉपिलीन ग्लायकॉल असतो. आपल्याकडे तयार डबा सहज मिळाला नाही तर खाद्य प्रतीचे प्रॉपिलीन ग्लायकॉल रसायन विक्रेत्यांकडून घेता येते. डब्यावर प्रत लिहिलेली असल्याची खात्री करावी, औद्योगिक प्रतीचे स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. आकारमानाने ३० टक्के मिश्रण सुमारे उणे १३ अंशांना गोठू लागते, ५० टक्के मिश्रण सुमारे उणे ३४ अंशांना. स्पिती-लडाखसाठी निम्मे-निम्मे मिश्रणच करावे, कारण पाइपांत उरलेले पाणी त्यात मिसळून ते आणखी पातळ होते. त्याच कारणाने आधी पाणी सोडून, हवा मारून मगच द्रावण भरावे.

किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. अर्ध्या इंची पाइपात मीटरमागे साधारण १२५ मिलिलिटर पाणी मावते, म्हणजे १५ मीटर पाइपात दोन लिटरच्या आत. नळ, पंप आणि सिंकखालच्या बाकांत ओतायचे धरून पाच-सहा लिटर मिश्रण लहान गाडीला पुरते, परंतु एका अटीवर: गीझरला वळसा घालणारी बायपास जोडणी हवी. ती नसेल तर पाच-सहा लिटर द्रावण नुसते गीझर भरण्यातच जाते. द्रावण टाकीत ओतू नये. पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाला एक नळी लावून ती थेट डब्यात बुडवावी आणि पंप चालवून एकेका नळातून द्रावण येऊ लागेपर्यंत तो नळ उघडा ठेवावा. सिंक आणि शॉवरच्या जाळीतूनही प्रत्येकी कपभर ओतावे, नाहीतर बाकातले पाणी गोठून खालचा प्लास्टिकचा भाग तडकतो.

थंडीत राहून पाणी वापरायचेच असेल तर टाकी, पंप आणि पाइप हे सगळे केबिनच्या आत असलेल्या गाडीतच तो प्रयत्न करावा. हीटर चालू असला तरी कपाटांची दारे बंद असतील तर ऊब आत पोहोचत नाही. रात्री सिंकखालची दारे उघडी ठेवावीत. टाकी गाडीखाली टांगलेली असेल तर यंत्रणा कोरडी ठेवून २० लिटरच्या दोन कॅनमध्ये पाणी घेऊन केबिनमध्ये ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, मग त्या गाडीच्या नळाला कितीही पैसे मोजलेले असोत.

परतल्यावर

ठाण्यात आल्यावर पहिली भरणी पूर्ण टाकीने करू नये. आधी दहा-पंधरा लिटर पाणी घालून पंप चालवावा आणि वर सांगितलेली दाबाची चाचणी कपाटे रिकामी असतानाच करावी, म्हणजे गळती निघाली तरी गाद्या आणि प्लायवूड वाचतात. ग्लायकॉल वापरले असेल तर नळातून फेस आणि गोडसर चव पूर्ण जाईपर्यंत साधे पाणी सोडावे, आणि त्यानंतरच निर्जंतुकीकरणाकडे वळावे. पाच टक्क्यांचे, सुगंध नसलेले सोडियम हायपोक्लोराइट १०० लिटर पाण्यात १०० मिलिलिटर घातले की लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. हे पाणी प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत खेळवावे, चार तास तसेच राहू द्यावे आणि वास जाईपर्यंत धुऊन टाकावे. क्षार काढण्यासाठी व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल वापरायचे असेल तर ते वेगळ्या दिवशी, मध्ये भरपूर पाणी सोडून वापरावे. हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

त्यानंतर गाडी पावसाळा संपेपर्यंत उभीच राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नये. आपल्या उकाड्यात साठलेल्या पाण्याला महिन्याभरात वास येतो आणि पाइपांच्या आत बुळबुळीत थर धरतो. टाकीच्या हवेच्या नळीला बारीक जाळी बसवणेही आवश्यक आहे, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

बांधणीतच करायचे बदल

आपल्याकडे कॅम्परची पाइपबांधणी बहुधा घरांची कामे करणारा फिटर करतो. त्याची सफाई चांगली असते, परंतु घरातल्या पाइपांना रिकामे करण्याची वेळ कधी येत नसल्याने तो सगळे पाइप समपातळीत, भिंतीला समांतर नेतो आणि वरून प्लायवूड ठोकून बंद करतो. त्याला आधीच सांगून ठेवण्यासारख्या गोष्टी फार नाहीत. गरम आणि थंड अशा दोन्ही ओळींना एका बाजूला किंचित उतार हवा आणि त्या उताराच्या सर्वांत खालच्या टोकाला दोन वेगळे निचरा-नळ हवेत, ज्यांचे तोंड गाडीच्या खाली उघडेल. गीझरला तीन व्हॉल्व्हची बायपास जोडणी हवी. पंप हात पोहोचेल अशा जागी, दोन्ही बाजूंना युनियन (पाइप न कापता सुटणारा जोड) देऊन बसवावा, म्हणजे नळी काढून तो कोरडा करताना पाने आणि टॉर्च घेऊन झोपावे लागणार नाही. थंडीत सीपीव्हीसी ठिसूळ होते. नव्याने पाइप टाकायचेच असतील तर गाडीखालच्या भागात तरी पेक्स (लवचीक प्लास्टिकचा पाइप) वापरावे, ते थोडे ताणले जाते आणि गोठण्याचा मार अधिक सोसते. तथापि पेक्स फुटत नाही असा समज करून घेऊ नये, आणि पेक्स टिकले तरी त्याचे प्लास्टिकचे किंवा पितळी जोड तितके सोसत नाहीत.

जुन्या गाडीत सगळे बदल एकदम करणे शक्य नसेल तर आधी निचरा-नळ आणि बायपास यांवर खर्च करावा, पाइप बदलण्यावर नव्हे. निचऱ्याच्या व्हॉल्व्हवर, गीझरच्या तिन्ही व्हॉल्व्हवर आणि पंपाच्या युनियनवर ऑइलपेंटने क्रमांक घालून तोच क्रम कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा, कारण रामपूरच्या पहाटेच्या थंडीत हे काम बहुधा गाडीची फारशी माहिती नसलेल्या सहप्रवाशालाही करावे लागते. फिटरचे काम संपल्यावर ओळीत ३ बार दाब भरून, पंप बंद ठेवून, गेजचा काटा तासभर हलत नाही हे स्वतः पाहावे आणि मगच प्लायवूडच्या फळ्या स्क्रूने, खिळ्यांनी नव्हे, बसवायला सांगावे.